न्यूटनचे नियम पेडण्यात कोणत्या वाटेने आले?

बल, वस्तुमान आणि जडत्व हे तीन शब्द मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला अपरिचित नाहीत. परीक्षेपुरते ते पाठ केलेले असतात आणि परीक्षेनंतर बहुधा विसरलेलेही असतात. हे शब्द आपल्या मुलखात केव्हा आले, कोणी आणले आणि कोणत्या वाटेने आणले, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. आपल्या घराण्यांच्या बखरी, सनदा, देवस्थानांचे ताम्रपट आणि जमिनींचे दस्त आपण जपले. विचारांचे दस्त तसे जपलेले दिसत नाहीत. प्रस्तुत लेखात पेडणे आणि डिचोली हे दोन महाल डोळ्यांसमोर ठेवून गतीच्या नियमांच्या या प्रवासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

नकाशा पाहिला तर उत्तर सोपे वाटते. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० साली आली. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच उभा राहिला. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा इथल्या औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. युरोपशी इतका जुना आणि इतका सलग संबंध असलेला दुसरा प्रदेश हिंदुस्थानात नव्हता. तेव्हा युरोपातील नवे पदार्थविज्ञान प्रथम मांडवीच्या मुखाशी उतरावे आणि तेथून डिचोली, साखळी, पेडणे असा त्याचा प्रवास व्हावा, हे स्वाभाविक ठरले असते. प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. ते विज्ञान आपल्याकडे उत्तरेकडून, मुंबईहून आले आणि मराठीतून आले.

हा इतिहास सांगण्यापूर्वी ते नियम काय सांगतात, हे थोडक्यात पाहणे इष्ट होईल. पहिला नियम असा की, बाहेरून बल लागू झाले नाही तर स्थिर वस्तू स्थिरच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात. भाताची पेंढी फळीवर झोडली की पेंढी थांबते, दाणे मात्र आपली गती सोडीत नाहीत आणि ओंबीपासून सुटतात. गोधडी झटकली की ती हलते, तिच्यातील धूळ जागच्या जागी राहू पाहते आणि म्हणून वेगळी होते. आपल्या घरांतून हे प्रयोग शेकडो वर्षे चालू आहेत. न्यूटनने या नियमासाठी जी उदाहरणे दिली त्यांत ग्रहांच्या जोडीला भोवराही आहे, ही गोष्ट भोवरा फिरवलेल्या प्रत्येकाला आवडण्यासारखी आहे.

दुसरा नियम बलाचे माप सांगतो. बल जितके अधिक तितका गतीतील बदल अधिक, आणि तोच बदल अधिक वस्तुमानाच्या वस्तूत घडवायचा तर बलही त्या प्रमाणात अधिक लागते. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे आज पाठ होणारे सूत्र मात्र न्यूटनच्या ग्रंथात या रूपात नाही. त्याला हे रूप आयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यास दिले.

तिसरा नियम क्रिया आणि प्रतिक्रिया समान व परस्परविरुद्ध असतात, असे सांगतो. न्यूटनचे उदाहरण दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचे आहे. घोडा दगडाला जितक्या बलाने ओढतो तितक्याच बलाने दगड घोड्याला मागे ओढतो. मग दगड पुढे सरकतोच कसा? घोडा खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन घोड्याला पुढे रेटते; हे रेटणे दोराच्या ताणापेक्षा आणि दगडाच्या घर्षणापेक्षा वरचढ ठरले की दगड आणि घोडा दोन्ही हलतात. आषाढात चिखलाने भरलेल्या शेतात बैलाचे खूर घसरतात तेव्हा बैलाची ताकद कमी झालेली नसते. जमिनीकडून मिळणारी प्रतिक्रिया कमी झालेली असते.

हे नियम मांडणारा न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा लॅटिन ग्रंथ १६८७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी गोव्यात काय चालले होते? छापखाना थंडावला होता. तो पुन्हा नीट सुरू व्हायला १८२१ साल उजाडले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. १६८४ साली विजरई कोंद द आल्व्होर याने फर्मान काढून प्रजेने देशी भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम केला. त्याची मुदत संपण्याचे वर्ष आणि ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध होण्याचे वर्ष एकच येते. हा योगायोग आहे, परंतु बोलका आहे. नवे ज्ञान सामान्यजनांपर्यंत जायचे तर छापखाना हवा आणि लोकांची भाषा हवी. जुन्या काबिजादीत त्या वेळी या दोन्हींची वाट बंद होती. पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हते, म्हणून हे फर्मान इथे लागू झाले नाही आणि मराठीचे लेखन-वाचन इथे खंडित झाले नाही. या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसेल.

गोव्याच्या वाटेने युरोपचे ज्योतिष मिळवण्याचा एक मोठा प्रयत्न अठराव्या शतकात झाला. जयपूरचा सवाई जयसिंग वेधशाळा बांधीत होता. त्याने १७२७ च्या सुमारास मानुएल द फिगेरेदु या जेझुइट पाद्र्याबरोबर गोव्यामार्गे पोर्तुगालला एक मंडळ पाठवले. काही वर्षांनी ते परतले तेव्हा त्यांच्याजवळ ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची ग्रहकोष्टके होती. त्या वेळी ‘प्रिन्सिपिया’ला चाळीस वर्षे झाली होती. तरीही ग्रह असे का फिरतात, याचे न्यूटनचे उत्तर त्या सामानात नव्हते. कोष्टके आली, कारण आले नाही. जिज्ञासू राजा, पुरेसे द्रव्य आणि गोव्याचे बंदर एवढे असूनही हे घडले. कारण ज्या देशाला विचारायला माणसे पाठवली होती, त्या देशाच्या विद्यापीठांतच या विषयाला अजून मोकळीक नव्हती.

याचा पुरावा आपल्या पेडणे महालाच्या इतिहासाशी विलक्षण रीतीने जुळतो. शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला आहे. तो सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. १७४६ च्या मे महिन्यात पोर्तुगीज विजरईने तो दारूगोळ्याच्या बळावर जिंकला आणि त्याबद्दल त्याला ‘मार्केस द आलोर्न’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी तेरेखोलचा किल्लाही गेला. हळर्ण पडले त्याच मे महिन्यात, सात तारखेला, पोर्तुगालमधील कोइंब्रा येथील कला महाविद्यालयाच्या प्रमुखाने एक आज्ञापत्र काढले. देकार्त, गासेंदी आणि न्यूटन यांची मते व्याख्यानांत वा परीक्षांत शिकवू नयेत, असा त्याचा आशय होता. म्हणजे ज्यांचे गोळे हळर्णच्या तटावर येत होते, त्यांच्याच मायदेशी गोळ्याच्या गतीचे शास्त्र शिकवण्यास मनाई होत होती.

यावरून पोर्तुगाल देशच्या देश अंधारात होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १७३७ साली लंडनमध्ये राहणाऱ्या जाकोब द काश्त्रु सार्मेंतु या पोर्तुगीज वैद्याने न्यूटनच्या आधारे भरती-ओहोटीवर पोर्तुगीजमध्ये ग्रंथ लिहिला होता. ज्या १७४६ साली ते आज्ञापत्र निघाले, त्याच साली व्हेर्नेय याचा जुन्या शिक्षणपद्धतीवर कठोर टीका करणारा ग्रंथही प्रसिद्ध झाला. १७५९ साली जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि १७७२ साली मार्केस द पोंबाल याने कोइंब्रा विद्यापीठाची पुनर्रचना केली. तेथे गणिताची स्वतंत्र शाखा आणि प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे दालन निघाले. परंतु हा पालट गोव्यापर्यंत पोहोचायला आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

तोफेच्या गोळ्याचे शास्त्र त्या काळी कोठवर आले होते, हेही पाहण्यासारखे आहे. गोळा अन्वस्त या वक्राने जातो, असे गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवले होते. परंतु त्याने हवेचा विरोध हिशेबात धरला नव्हता. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने एक साधी युक्ती काढली. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यावर बंदुकीची गोळी झाडायची आणि ठोकळा किती मागे झुलला हे मोजायचे. गोळीचे वस्तुमान अल्प आणि वेग प्रचंड. ठोकळ्याचे वस्तुमान मोठे आणि वेग मंद. दोहोंचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, जुळवला की गोळीचा वेग कळतो. तो सेकंदाला १६०० फुटांच्या आसपास निघाला आणि अशा वेगाला हवेचा विरोध फार मोठा असतो, हेही सिद्ध झाले. १७४५ साली आयलरने या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासच्या किनाऱ्यावर आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

हळर्णवर चालून आलेल्या गोलंदाजांना किंवा त्याआधी सात वर्षे, १७३९ साली, वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांच्या गोलंदाजांना रॉबिन्सच्या ठोकळ्याची गरज पडली नव्हती. दोघेही हाताच्या सवयीने आणि नजरेच्या अंदाजाने नेम धरीत. वापरणे आणि समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वापर शस्त्राबरोबर येतो, गुलामाच्या हातांनाही येतो. समज येण्यासाठी कोणी तरी ते कारण आपल्या भाषेत सांगावे लागते.

१७८१-८२ मध्ये डिचोली आणि १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीज अमलाखाली आले. हा नव्या काबिजादीचा काळ. तोवर धर्मांतराचा आणि भाषाबंदीचा जोर ओसरला होता. इथले धर्माचार, देवस्थाने आणि वतने बहुतांशी कायम राहिली आणि घराघरांतील मराठी पोथी कायम राहिली. १८१७ मध्ये गोव्यात लष्करी शिक्षणाची संस्था निघाली आणि १८४१ मध्ये गणित व लष्करी शिक्षणाची शाळा स्थापन झाली. १८५४ मध्ये पणजीचे लिसेंव सुरू झाले. या संस्थांतून गणित आणि पदार्थविज्ञान शिकवले गेले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांचे माध्यम पोर्तुगीज होते आणि ठिकाण पणजी होते. डिचोलीच्या बाजारात हिशेब मोडीत लिहिणारा किंवा पेडण्याच्या देवळात पोथी सांगणारा मनुष्य त्या वर्गात बसण्याचा संभव फार थोडा होता.

तेवढ्यात तेरेखोलच्या उत्तरेकडे निराळी हालचाल सुरू झाली होती. बाळशास्त्री जांभेकर हे १८१२ साली देवगडजवळच्या पोंभुर्ले गावी जन्मले. म्हणजे सावंतवाडीच्या मुलखाचे शेजारी. १८३२ साली त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले, १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी गणित शिकवले आणि कुलाबा वेधशाळेचे कामही पाहिले. त्यांच्या नावावर ‘शून्यलब्धिगणित’ हे पुस्तक आहे. क्षणोक्षणी बदलणाऱ्या वेगाचा हिशेब ज्या गणितावाचून होत नाही, ते कलन मराठीत आणण्याचा हा प्रयत्न. १८४६ मध्ये बाळशास्त्री वारले तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते.

त्याच पिढीतील हरि केशवजी पाठारे यांनी १८३३ साली ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ हे पुस्तक मराठीत आणले. संवादाच्या द्वारे शास्त्र शिकवण्याची ही पद्धत त्या काळी इंग्लंडात जेन मार्सेट या विदुषीच्या पुस्तकांनी लोकप्रिय केली होती. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेला विज्ञानाची गोडी लागली ती मार्सेटबाईंचे रसायनशास्त्रावरील संवाद वाचून, हे प्रसिद्धच आहे. १८४८ मध्ये मुंबईत मराठी ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली. तिच्या नावाचे मासिकही निघाले. आमच्यासारख्या साहित्यसभांची ती आद्य पूर्वज म्हणता येईल. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांनी पुण्यात गणित व पदार्थविज्ञान शिकवले आणि मराठीत पदार्थविज्ञानाचे पाठ्यपुस्तक लिहिले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी.

ही मराठी छापील अक्षरे गोव्यात येत होती याचा एक नामांकित दाखला आहे. धर्मानंद कोसंबी १८७६ साली सांखवाळ येथे जन्मले. हे गाव जुन्या काबिजादीतले. म्हणजे फर्मानाचा पूर्ण भार सोसलेला भाग. तेथेही त्यांना बुद्धाची ओळख झाली ती ‘बालबोधमेवा’ या मराठी मुलांच्या मासिकातून. पुढे घर सोडून हा मनुष्य पाली भाषेचा पंडित होऊन अमेरिकेपर्यंत गेला. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी १९०७ मध्ये गोव्यातच जन्मले आणि गणितज्ञ झाले. १९३३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले भूमितीतील काम ज्या प्रकारच्या समीकरणांविषयी आहे, त्याच प्रकारात न्यूटनचा दुसरा नियमही बसतो. कार्तां आणि चर्न या जगप्रसिद्ध गणितज्ञांच्या नावांबरोबर कोसंबींचे नाव त्या सिद्धांताला जोडलेले आहे. मुलांच्या मराठी मासिकापासून गतीच्या समीकरणांच्या भूमितीपर्यंतचे अंतर एका घराने दोन पिढ्यांत कापले.

आता त्या शब्दांकडे वळू. नवी परिभाषा घडवणाऱ्यांनी संस्कृतातून शब्द उचलले खरे, परंतु त्यांची निवड मराठी कानाला धरून आहे. न्यूटनने वस्तुमानाला ‘द्रव्याचे परिमाण’ म्हटले होते. वस्तुमान या शब्दाचा अर्थ अक्षरशः तोच. बोलण्यात आपण ‘बळ’ म्हणतो आणि शास्त्रात ‘बल’. एका अक्षराच्या फरकाने मुलाला कळते की, पैलवानाचे बळ आणि सूत्रातील बल या दोन गोष्टी आहेत. जडत्व हा शब्द तर विशेष विचार करण्यासारखा आहे. ‘जड’ म्हणजे भारी आणि ‘जड’ म्हणजे चेतन नसलेले. लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थही आळशी, निष्क्रिय असाच आहे. दोन दूरच्या भाषांना एकच प्रतिमा सुचली. परंतु या शब्दात एक धोकाही आहे. जड म्हणजे भारी, या अर्थामुळे जडत्व म्हणजे वजन असा समज सहज होतो. वजन म्हणजे पृथ्वीची ओढ; चंद्रावर ते सहावा हिस्सा होते. वस्तुमान आणि त्याबरोबर येणारे जडत्व मात्र तेथेही तेवढेच राहते. चंद्रावर दगड उचलणे सोपे, पण वेगाने येणारा तोच दगड हाताने थोपवणे इथल्याइतकेच कठीण.

यापेक्षाही खोल असा एक धोका आहे. अंगणात घरंगळणारा चेंडू थांबला की मूल म्हणते, ‘चेंडूतला जोर संपला.’ हे वाक्य चुकीचे आहे. चेंडूत जोर भरलेला नसतो, त्याला घर्षणाच्या बलाने थांबवलेले असते. पण हे वाक्य निर्बुद्धपणाचे मुळीच नाही. आपल्या वैशेषिक दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद याने बाणाची गती जवळजवळ अशीच समजावली आहे. धनुष्याच्या दोरीच्या रेट्याने बाणाला पहिली गती मिळते, त्या गतीतून ‘वेग’ नावाचा संस्कार बाणात उत्पन्न होतो, तो संस्कार बाणाला पुढे नेतो आणि तो क्षीण झाला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो. अलेक्झांड्रियात सहाव्या शतकात फिलोपोनस आणि युरोपात चौदाव्या शतकात बुरिदां यांनी याच जातीचा विचार मांडला. पृथ्वीच्या तिन्ही बाजूंच्या बुद्धिमान माणसांना जे सुचले ते आपल्या मुलालाही सुचते, हे त्याच्या बुद्धीचेच लक्षण आहे. ती समजूत ओलांडायला माणसाला गॅलिलिओपर्यंत थांबावे लागले. नौका एकसारख्या वेगाने चालत असता तिच्या आतील माणसाला ती चालते आहे की उभी, हे सांगता येत नाही, असे त्याने १६३२ मध्ये लिहिले. केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीत शांत पाण्यावर डोळे मिटून उभे राहिले तर हे कोणालाही पडताळता येते. चाललेल्या नावेतील माणसाला काठ मागे सरकताना दिसतो, हा दृष्टांत आपल्या आर्यभटाने तर हजार वर्षे आधी दिला होता. मात्र तो पृथ्वीच्या परिवलनासाठी होता, जडत्वाच्या नियमापर्यंत तो गेला नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत मॅक्लॉस्की या मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठातील विद्यार्थ्यांना गतीविषयी साधे प्रश्न विचारले. पदार्थविज्ञान शिकलेल्यांपैकीही पुष्कळांनी ‘वस्तूत भरलेला जोर’ याच समजुतीने उत्तरे दिली. त्यांना नियम येत होता. समजूत बदललेली नव्हती. हे विद्यार्थी आपल्याच भाषेत शिकलेले होते. यावरून मातृभाषेत शिकवले की काम आपोआप होते, असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. परंतु दुसरी एक गोष्ट मात्र यातून स्पष्ट होते. जुनी समजूत घरच्या भाषेत राहते, ‘जोर संपला’ या शब्दांत राहते. ती तेथेच गाठून, तिच्याशी बोलून, ती बदलावी लागते. जिथे नियम परक्या भाषेतले एक वाक्य म्हणून पाठ होतो, तिथे ही भेटच होत नाही. वहीत न्यूटन राहतो आणि मनात प्रशस्तपाद.

हा केवळ पंडितांचा वाद नाही, हे डिचोलीकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डिचोलीच्या डोंगरांतून लोहखनिजाचा उपसा वाढत गेला. खनिजाचे ट्रक गावांच्या अरुंद रस्त्यांनी धक्क्यांकडे धावू लागले आणि धक्क्यांवरून बार्ज मांडवीतून मुरगावकडे जाऊ लागल्या. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये हे काम थांबले आणि अलीकडे डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा सुरू झाले. मालासह १६ टनांचा ट्रक ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, वेगाने येत आहे असे समजा. त्याला २० मीटरांत थांबवायचे तर ४०,००० न्यूटन बल लागते. हे सुमारे चार टन वजनाइतके झाले. वेग दुप्पट केला आणि ब्रेकचे बल तेवढेच राहिले तर थांबायला २० ऐवजी ८० मीटर लागतात. दुप्पट वेगाला चौपट अंतर, हे गणित ज्याला आपल्या भाषेत उमजले तो रस्ता ओलांडताना ट्रककडे निराळ्या नजरेने पाहील आणि ट्रक हाकणाराही वळणावर निराळा विचार करील. १००० टनांची बार्ज तर सेकंदाला दोन मीटर अशा संथ चालीने जात असली, तरी २०,००० न्यूटन बलाने तिला थांबायला १०० सेकंद आणि १०० मीटर लागतात. बार्जवरचा जुना तांडेल वळणाच्या कितीतरी आधी यंत्र मंद करतो. त्याला नियम ठाऊक आहे. त्याचे नाव तेवढे कोणी सांगितलेले नाही.

मुक्तीनंतर, विशेषतः १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आल्यावर, गोव्याच्या खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पेडणे आणि डिचोलीच्या अनेक घरांतील पहिली शिकलेली पिढी याच शाळांची. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि १९६७ मध्ये बालभारती. बल, त्वरण, संवेग हे शब्द मुलांच्या जिभेवर रुळवण्यात या संस्थांचा वाटा मोठा आहे. आज मात्र माध्यमिक वर्गापासून विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच शिकवले जाते. त्याची कारणे व्यवहाराची आहेत आणि पालकांना त्याबद्दल दोष देणे योग्य होणार नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या पठारावरून विमाने उडू लागली. मुलांना दूर जायचे आहे आणि त्यांना जागतिक भाषा हवी आहे. परंतु मोपाहून उडणारे विमान वायू मागे फेकून पुढे कसे जाते, हे आजीला तिच्या भाषेत सांगता आले नाही तर ते नातवाला कळले आहे असे कशावरून समजावे?

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. ओर्ताचा गोव्यात छापलेला ग्रंथ, गॅलिलिओचा ग्रंथ, मार्सेटबाईंची पुस्तके आणि हरि केशवजींचे पुस्तक ही सारी संवादाच्या रूपात आहेत. नवे ज्ञान रुजवायचे असते तेव्हा लेखक प्रश्न विचारणारा एक मनुष्य मुद्दाम आणतो. तो जुनी समजूत बोलून दाखवतो आणि दुसरा ती उलगडतो. शाळेची भाषा कोणतीही असो, हा संवाद घरी होऊ शकतो आणि त्यासाठी लागणारे शब्द दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी घडवून ठेवले आहेत.

आमच्या सभेच्या सभासदांपैकी अनेकांच्या माळ्यावर जुन्या मराठी क्रमिक पुस्तकांच्या पेट्या असतील. पदार्थविज्ञानाची, गणिताची, भूगोलाची अशी पुस्तके कोणाकडे असतील तर ती रद्दीत घालू नयेत. त्यांच्या मुखपृष्ठावरील साल, छापखाना आणि आतील हस्ताक्षरातील नावगाव यांची नोंद सभेकडे द्यावी. मुंबईहून निघालेले कोणते पुस्तक कोणत्या साली पेडण्यात वा डिचोलीत वाचले जात होते, याचा खरा पुरावा त्या पेट्यांतच आहे. आणि पेटी उघडाल तेव्हा घरातील एखाद्या मुलाला जवळ बसवावे आणि चेंडू का थांबतो, एवढे त्याला विचारावे.